जुन्या मुंबईतल्या कोझी रहस्यमालिका: नेमकं काय बघून वाचता?

मुगभाटकर

मंडळी, खून आहे पण रक्ताची थारोळी नाहीत. शोध घेणारी व्यक्ती पोलिसातली नाही. काळ शंभरेक वर्षांपूर्वीचा, आणि चौथं पुस्तक संपत आलं तरी नायक-नायिकेची मजल 'तुमची छत्री राहिली होती' याच्या पुढे जात नाही. अशा 'कोझी', म्हणजे उबदार, हलक्याफुलक्या रहस्यमालिकांच्या वाचकांसाठी हा धागा.

नियम एकच: मालिकेचं नाव घ्यायचं नाही. नाव आलं की तिसऱ्या प्रतिसादात कुणीतरी खुनी सांगून मोकळं होतं. बोलायचं ते बांधणीबद्दल. जुन्या मुंबईत घडणाऱ्या गोष्टीत काय जमलं की मजा येते आणि कुठे पाट्या टाकल्यात हे कळतं, ते सांगा.

माझी कसोटी अशी. गोष्टीतून काळ काढून घ्यायचा आणि कोडं उभं राहतं का ते बघायचं. राहिलं, तर व्हिक्टोरिया, गॅसचे दिवे, पारशी टोप्या हे सगळं नाटकाच्या मागच्या पडद्यावर रंगवलेलं. कोडं कोसळलं, तर लेखकाने काम केलंय.

सगळ्यात हुकमी पत्ता घड्याळाचा. १ जानेवारी १९०६पासून सरकारने स्टँडर्ड टाइम लागू केला. रेल्वे, तारखातं आणि सरकारी कचेऱ्या त्यावर चालू लागल्या. शहराने मात्र हट्ट सोडला नाही. महापालिकेची घड्याळं १९५५पर्यंत बॉम्बे टाइमवरच चालत होती, म्हणजे स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. आता बघा. संशयित सांगतो, 'साडेआठला मी क्रॉफर्ड मार्केटात होतो, वरचं घड्याळ बघितलं, तिथून चालत बोरीबंदरला गेलो आणि नऊची गाडी पकडली.' अर्धा तास हातात, अंतर दहा मिनिटांचं, वाचक मान डोलावतो. पण मार्केटवर साडेआठ वाजले तेव्हा स्टेशनात ९ वाजून ९ मिनिटं झाली होती. गाडी सुटून नऊ मिनिटं उलटली होती.

हे शेवटच्या प्रकरणात टोपीतून सशासारखं काढलं तर वाचकाची फसवणूक. आधी कुठेतरी निरुपद्रवी जागी दिसायला हवं, आणि इथेच प्रेमाचा धागा कामाला येतो. तिसऱ्या प्रकरणात दोघांची भेट ठरते. तो आगबोट कंपनीत, त्याचं घड्याळ रेल्वेशी जुळवलेलं. ती मंडईच्या घड्याळाकडे बघून निघते. तो पाऊण तास ताटकळतो, ती वेळेवरच आलेली असते, दोघंही फुरंगटतात. वाचक ते रुसणं समजून पान उलटतो. पुरावा तिथेच पडलेला असतो.

यात दोन चुका ठरलेल्या. एक, फरक उलट्या बाजूने धरणं. दुसरी, १९०६च्या आधीच्या गोष्टीतही ३९ मिनिटंच वापरणं. तेव्हा रेल्वे मद्रास टाइमवर होती आणि मद्रास मुंबईच्या ३० मिनिटं पुढे.

पिठलंभात

पहिला! धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकलाय. पण शंका आहे. एवढा हिशेब मांडून वाचायचं तर मजा कधी घ्यायची? ही पुस्तकं पावसाळ्यात पांघरूण घेऊन वाचायची असतात, ऑडिट करायची नसतात.

काळाकोट

@पिठलंभात, ऑडिट दुसऱ्या वाचनात. पहिल्यात पांघरूण.

मुगभाटकरांच्या कसोटीला कायद्याची जोड देतो. कोझीचा ठरलेला शेवट म्हणजे सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं, नायिकेने एकेकाचं बिंग फोडायचं, खुन्याने इन्स्पेक्टरसमोर 'हो, मीच' म्हणायचं आणि पडदा. विलायतेतल्या हवेलीत हे चालतं. मुंबईत त्या कबुलीचा कोर्टात उपयोग शून्य. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगायचं, पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कलम २६ त्याही पुढे जायचं: पोलिसांच्या ताब्यात असताना कुणालाही दिलेली कबुली चालत नाही, समोर मॅजिस्ट्रेट असल्याशिवाय.

म्हणजे इन्स्पेक्टरला दिवाणखान्यात बसवणारी नायिका स्वतःच्या हाताने खटला बुडवते. जाणत्या लेखकाकडे तीन वाटा असतात. पहिली, इन्स्पेक्टर खोलीत नकोच, आणि संशयिताला अटकही झालेली नको. तो घरमालकिणीपुढे, शेजाऱ्यापुढे आपणहून बोलला तर ती साक्ष टिकू शकते. दुसरी, कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढाच भाग ग्राह्य. 'हौदात बघा' इतकं चालेल, 'मी त्याला मारून हौदात टाकलं' यातलं मारणं गळून जाईल. कोझीला ही वाट फार शोभते, कारण वाचकाला वस्तूमागे धावायला आवडतं. तिसरी, मॅजिस्ट्रेटकडे नेऊन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली जबाब. कायदेशीर पण रटाळ, अर्ध्या पानात उरकावी.

आणखी एक हाताशी असलेली आणि कुणी फारशी न वापरलेली गोष्ट म्हणजे कॉरोनर. १८७१चा कॉरोनर कायदा मोजक्याच शहरांना लागू होता, आणि त्यात मुंबई होती. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर ज्युरी बसवणार, ज्युरी प्रेत बघणार, साक्षी होणार. हौशी शोधकाला पोलिसांच्या तपासात शिरकाव करून देण्यासाठी लेखक नाही नाही ते योगायोग जुळवतात. इथे नायिकेला फक्त साक्षीदार करायचं. सगळे संशयित एका खोलीत, कुणाचा आवाज कापतो ते दिसतं, आणि हे दुसऱ्या प्रकरणातच मिळतं.

पण कॉरोनरची हद्द शहरापुरती. १९२०च्या दशकात वांद्रे, कुर्ला, घाटकोपर शहरात नव्हते. मुंबई उपनगर जिल्हा १९२०मध्ये वेगळा झाला, पोलीस कमिशनरची सत्ता माहीमपाशी संपायची. खाडीपलीकडे प्रेत सापडलं तर कॉरोनर नाही, ज्युरी नाही. पोलिसांचा पंचनामा आणि विषय मिटला. म्हणून प्रेत माहीम कॉजवेच्या कुठल्या टोकाला सापडलं, याच्यावर अख्खं पुस्तक उभं राहू शकतं. कुणीतरी ते शंभर पावलं ओढत का नेलं, हा प्रश्न.

मुगभाटकर

कॉरोनर हे पद १९९९पर्यंत होतं ना?

काळाकोट

हो, १९९९ला बंद झालं. त्यामुळे १९६०-७०च्या काळातल्या मालिकेलाही चालतं. खटल्यातली ज्युरी मात्र वेगळी. हायकोर्टाच्या सेशन्समध्ये नऊ जणांची ज्युरी असायची, सहा जणांचं एकमत आणि न्यायाधीशांची संमती असली की निकाल. 'बाराच्या बारा जणांनी दोषी ठरवलं' असं वाक्य आलं की समजावं, लेखकाने विलायती पुस्तकं वाचून लिहिलंय.

टकमक

पाट्या टाकल्याच्या खुणा, मला सापडणाऱ्या:

१९२२ची नायिका संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर फिरते. भराव घालून तो रस्ता १९३०च्या दशकात झाला. तोवर फिरायला चौपाटी, अपोलो बंदर, मलबार हिल.

१९१८ साली नायक प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मूर्ती बघतो. इमारत उभी होती, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. म्युझियम म्हणून १९२२ला उघडलं. खरं तर यातच गोष्ट आहे: जखमी सैनिक, परिचारिका, रिकाम्या दालनांसाठी आलेल्या मूर्तींच्या पेट्या. लेखक सोडून देतात.

१९२० साली विजेची लोकल. नाही. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला धावली, हार्बरने. पश्चिमेकडे १९२८.

१९२३ला बस. बस १५ जुलै १९२६ची, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. त्याआधी ट्राम. विजेची १९०७पासून, दुमजली १९२०पासून.

१९२५ला बॉम्बे सेंट्रलवरून गाडी. ते स्टेशन डिसेंबर १९३०चं. त्याआधी बीबीसीआयच्या (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या) गाड्या कुलाब्यापर्यंत जायच्या, कुलाबा स्टेशन १९३० संपताना बंद.

रस्त्यांची नावं वेगळीच डोकेदुखी. दादाभाई नौरोजी रोड तेव्हा हॉर्नबी रोड, महर्षी कर्वे रोड क्वीन्स रोड, वीर नरिमन रोड चर्चगेट स्ट्रीट. हुतात्मा चौक म्हटलंत तर १९६०नंतरच.

पिठलंभात

@टकमक तुमच्यासोबत सिनेमाला कोण जातं हो?

टकमक

कुणी नाही. पण चुकीच्या स्टेशनावरून गाडीही सुटत नाही.

खाडीकाठ

प्रेत सापडण्याचा विषय निघालाच आहे तर समुद्राकडे या. मुंबईच्या रहस्यकथेत समुद्र नेहमी वाऱ्यावर आणि चंद्रावर संपतो. तो वेळापत्रक पाळतो हे कुणी लक्षात घेत नाही.

तिथीचा आडाखा कोळीवाड्यात सगळ्यांना पाठ. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला ओहोटी. आडाखा सूर्याच्या वेळेवर बसलेला, त्यामुळे स्टँडर्ड टाइम हवा असेल तर ३९ मिनिटं मिळवा. सव्वाअकराचे बारा होतात. वर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, आडाखाच तो.

म्हणून 'पौर्णिमेच्या सांजवेळी उधाणलेल्या लाटा तिच्या पायांशी' हे वाक्य आलं की पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटतं. त्या वेळी पाणी दूर गेलेलं असतं, पायाशी खडक आणि चिखल. उधाण हवंय? दोघांना भर दुपारी बोलवा, नाहीतर मध्यरात्री. मध्यरात्री १९२०मध्ये ती कशी येईल, हा तुमचा प्रश्न. ओहोटीचं मात्र लेखकांना सुचत नाही: पाणी गेल्यावर जे उघडं पडतं ते रहस्यकथेला जास्त उपयोगी. होडी ओढल्याची खूण, रुतलेली चप्पल, दोरीचा तुकडा. आणि सहा तासांत पुसलं जाणार, म्हणजे घाईही आपोआप आली.

हाजी अलीची वाट तर तयार बंद खोली आहे. ओहोटीत पायी जाता येतं, मोठ्या भरतीत वाट पाण्याखाली. कुणी म्हणालं, 'अमावास्येला दुपारी बाराला मी दर्ग्यातून चालत परत आलो', तर वरचा आडाखा लावून बघा.

जुनी पंचांगं ग्रंथालयात मिळतात. लेखकाने तारीख दिली असेल तर वाचकही तपासू शकतो, आणि इथे तपासणारे कमी नाहीत हे वर दिसतंच आहे.

मुगभाटकर

काय प्रतिसाद आहे! घड्याळ आणि भरती एकाच ३९ मिनिटांवर येऊन मिळतात हे डोक्यात आलं नव्हतं.

नऊवारी

प्रेमाचा धागा सगळे छत्रीवर सोडून गेले, म्हणून लिहिते.

बहुतेक मालिकांत तो दोन प्रकारे बिघडतो. एकतर दुसऱ्या पुस्तकात लग्न लागतं आणि तिसऱ्यापासून नवरा 'तू या भानगडीत पडू नकोस' म्हणायला उरतो. नाहीतर सहा पुस्तकं गैरसमजावर खेचतात, असा गैरसमज की एका वाक्यात मिटला असता. संयम पात्रांच्या स्वभावात शोधला की असं होतं. त्या काळात अडसर बाहेर होता, आणि तो लेखी होता.

विधवा नायिका घ्या. १८५६च्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर झाला हे शाळेत शिकवतात. त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगत नाहीत. पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपायचा, जणू ती मेली असं धरून मालमत्ता नवऱ्याच्या पुढच्या वारसांकडे जायची. ज्या जातींत पाट लावायची (विधवेच्या पुनर्विवाहाची) रूढी होती त्यांनाही मुंबई हायकोर्ट हेच लावत होतं, अलाहाबादचा कल वेगळा होता.

आता खुनाच्या बाजूने बघा. गिरगावात एक घर, मालकीण तरुण विधवा, हयातीपुरता हक्क. मागे दिराचा मुलगा पुढचा वारस. तिच्यासोबत तिचा सख्खा भाऊ राहतो, भाड्यावर जगतो. तिच्या आयुष्यात एक डॉक्टर येतो. कुणावर संशय घ्याल? आजचा वाचक पुतण्याला सनातनी समजून त्याच्यावर घेईल. पण तिने लग्न केलं तर घर पुतण्यालाच मिळणार! तो सुधारक होईल, व्याख्यानांना जाईल, डॉक्टरला घरी आणून सोडेल, 'काकू, संकोच कसला' म्हणेल. डॉक्टर मेलेला हवा असेल तो भावाला. बहिणीवर जीव टाकणारा, तिच्या एकटेपणावर हळहळणारा भाऊ. प्रेम आणि खून एकाच कलमातून निघतात. काळ काढून घ्या, काही उरत नाही.

आणि पळवाटही त्याच कलमात आहे. मृत्युपत्राने हक्क देताना नवऱ्याने पुनर्विवाहाची स्पष्ट परवानगी लिहून ठेवली असेल, तर हक्क जात नाही. म्हणजे हरवलेलं मृत्युपत्र. तिला ते सापडतं तेव्हा कळतं की मेलेला नवरा आपल्याला ओळखून होता. चौथ्या पुस्तकात एवढा एक प्रसंग पुरे, मिठ्याबिठ्या नकोत.

पिठलंभात

भाऊच खुनी. कळलं. आता हे पुस्तक कुणीतरी लिहा, मी पांघरूण काढतो.

रविवारची_दुपार

@नऊवारी, दंडवत. पण हे दोघं भेटणार कुठे? चाळीच्या गॅलरीत पन्नास डोळे.

नऊवारी

काळ कुठला त्यावर आहे. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईत उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. त्या मधल्या काळात तिथली विद्यार्थिनी नायिका होऊ शकते, पण तिच्या भेटीगाठी मोजक्याच. प्रार्थना समाजाचं गिरगावातलं मंदिर १८७४चं, तिथल्या उपासनेला सुधारक घरांतल्या बायका जायच्या. १९०८पासून सेवासदन. कॉलेजात शिकणारी असेल तर विल्सन. सगळ्यांत लवचीक पेशा डॉक्टरणीचा. कामा हॉस्पिटल १८८६ला सुरू झालं, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं. डॉक्टरीण कुठल्याही घराच्या माजघरात जाते, जिथे इन्स्पेक्टरला दारातून पाणी विचारून परत पाठवतात. माहिती तिच्याकडे, अधिकार त्याच्याकडे. दोघांना एकमेकांची गरज लागते आणि भेटायला कारण मिळतं, ते पुरतं.

वकीलीण करायची तर १९२३नंतर, त्या वर्षीच्या कायद्याने बायकांना वकिलीची आडकाठी निघाली. १९१०मध्ये हायकोर्टात उभी राहून उलटतपासणी घेणारी नायिका आली, तर काळाकोट पहिले उठतील.

गॅलरीतले पन्नास डोळे ही अडचण नाहीच. ते पन्नास साक्षीदार आहेत. चाळीत कोण किती वाजता नळावर आलं हे सगळ्यांना माहीत असतं. हवेलीतल्या रहस्यात बटलर जे काम करतो ते इथे सार्वजनिक नळ करतो.

काढेचिराईत

विषाबद्दल थोडं. कोझीत बहुतेक वेळा सोमल (आर्सेनिक), कारण तो उलट्या-जुलाबाने मारतो आणि पटकीसारखा (कॉलऱ्यासारखा) दिसतो. पटकीच्या साथीचं वर्ष निवडलं की डॉक्टरला संशय न येणं पटतं. पण संशय आल्यावर सोमल लपत नाही. सोमल ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ची, मुंबईत सरकारी केमिकल ॲनालायझर होता. म्हणून १९२०च्या पुस्तकात 'विष कुठलं ते कळेना' असं ताणू नका. प्रश्न वेगळा आहे: हिंदू घरात प्रेत काही तासांत स्मशानात. नायिकेला ॲनालायझरकडे पाठवायला काही हवं असेल, तर सांडलेलं दूध, उलटीचं भांडं, उष्टी वाटी चितेआधी हाताशी यायला हवी. शोधाची खरी शर्यत ती.

धोतऱ्याची लक्षणं अगदी वेगळी: घसा कोरडा, बाहुल्या मोठ्या, बडबड. वाटमारे प्रवाशांना द्यायचे ते हेच. धोतऱ्याच्या माणसाला उलट्या-जुलाब दाखवणारं पुस्तक वाचलंय, नाव घेत नाही, नियम आहे.

बोटांचे ठसे १८९७च्या आधी नकोत. कलकत्त्याचा ठसे विभाग तेव्हाचा.

टकमक

भर: १८९६चा सप्टेंबर, मांडवीत प्लेग. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा, घराघरांत झडत्या. ज्या काळात सरकारी माणसं आजारी शोधत माजघरात घुसतात आणि लोक आजारी लपवतात, त्या काळात प्रेत लपवणं किंवा खून साथीत खपवणं किती सोपं. पण कोझी राहील का?

मुगभाटकर

माझ्या मते नाही राहणार. साथ दूरवर, बातमीत, रिकाम्या झालेल्या शेजारच्या बिऱ्हाडात ठेवली तर जमेल. गाभ्यात आणली की पुस्तक गंभीर कादंबरी होतं आणि मग प्रेमाची ती छत्री फार हलकी वाटायला लागते. १९२१च्या नोव्हेंबरातल्या दंगलीचंही तेच. राजपुत्राची भेट पार्श्वभूमीला घेऊन उत्तम रहस्य होतं, पण दंगलीत माणसं मेली, ती सजावट म्हणून वापरलेली खटकतात.

टकमक

असहमत. प्लेगमध्येही लोक लग्नं करत होते, भांडत होते, डबा खात होते. भीती आणि ऊब एकत्र असतात. लेखकाला पेललं पाहिजे, एवढंच.

पिठलंभात

*पॉपकॉर्न*

रविवारची_दुपार

अवांतर होईल, पण पैशांचं कुणी सांगाल का? आणे-पै आलं की मी वाक्य ओलांडून पुढे जाते.

टकमक

रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै किंवा चार पैसे. चवली दोन आणे, पावली चार, अधेली आठ. नवे पैसे १ एप्रिल १९५७पासून. ओलांडू नका, कारण पुरावे इथेही असतात. १९२२पर्यंत पोस्टकार्ड एका पैशाला, म्हणजे पाव आण्याला, आणि लिफाफा अर्ध्या आण्याला जायचा. त्या वर्षी दोन्ही दुप्पट झाले. '१९१९चं जुनं पत्र' म्हणून दाखवलेल्या लिफाफ्यावर एक आण्याचं तिकीट असेल, तर थांबून विचार करा.

रविवारची_दुपार

हे भारी आहे. आता शेवटचा प्रश्न सगळ्यांना: मालिका संपताना लग्न लागावं की नाही?

खाडीकाठ

नको. बोट सुटते, तो वर, ती धक्क्यावर, बास.

नऊवारी

बोट पुरे झाली हो. लागू दे लग्न, पण अडसर खरा ठेवून. १८७२च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुठल्याच धर्माचे नाही, असं दोघांना लिहून द्यावं लागायचं. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात ही घोषणा माफ झाली. म्हणजे १९२५मध्ये सारस्वत मुलगा आणि पाठारे प्रभू मुलगी धर्म न सोडता नोंदणीने लग्न करू शकतात. नायक पारशी असेल तर नाही. आणि माफीची किंमत होती: मुलगा एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा, आणि दुसरा मुलगा हयात नसेल तर त्याच्या बापाला दत्तक घ्यायची मुभा. दत्तक जायला टपलेला एखादा भाऊबंद घरात असला, की तुमचा शेवटच्या पुस्तकातला खलनायक हळदी-कुंकवाची तयारी करताना सापडेल.

काळाकोट

यात तारीखही आयती मिळते. त्या कायद्याने रजिस्ट्रारकडे आधी नोटीस द्यावी लागायची आणि चौदा दिवस थांबावं लागायचं. नोटिसांची वही कुणालाही, फी न भरता, बघता यायची आणि हरकतही घेता यायची. दोघांनी घरी कुणाला सांगितलेलं नसलं तरी नावं वहीत असतात. सहाव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण: रजिस्ट्रारच्या कचेरीत कारकून सांगतो, 'आजच सकाळी आणखी एकजण येऊन हेच पान बघून गेले.'

पिठलंभात

कोण??